एक पाडा, चार फेऱ्या: महादेव कोळी आणि ठाकरांच्या रानात शिकायला जाताना

अकोले, जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या घाटमाथ्यावर महादेव कोळी आणि ठाकर समाजाचे पाडे आहेत. कळसूबाई-हरिश्चंद्रगड आणि भीमाशंकर ही दोन अभयारण्यं याच पट्ट्यात येतात. शनिवारी सकाळी येऊन, पिठलं-भाकरी खाऊन रविवारी परतणाऱ्याला इथलं जगणं कळत नाही. इथे कुठल्याही रोपाची, झाडाची, पाण्याची माहिती तीन भागांत असते: कधी घ्यायचं, कोणता भाग घ्यायचा आणि किती ठेवायचं. पाहुणे पहिले दोन विचारतात, तिसरा राहून जातो. सगळं शहाणपण मात्र तिसऱ्यातच आहे, म्हणून हा लेख त्याच्याभोवती बांधला आहे.

पद्धत साधी आहे. एकच पाडा निवडायचा आणि वर्षात चार वेळा, दर वेळी तीन-चार दिवस, तिथेच जायचं: मेच्या सुरुवातीला, जूनच्या मध्यावर, जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आणि दिवाळीच्या तोंडावर. चार गावांत एकेकदा जाण्याने जे मिळत नाही ते एका गावात चारदा जाण्याने मिळतं. दुसऱ्या फेरीपासून लोक तुम्हाला कामाला लावतात, आणि शिकणं खऱ्या अर्थाने तिथून सुरू होतं.

निघण्याआधी

महिनाभर आधी गावातल्या एका ओळखीच्या माणसामार्फत सरपंच, पोलीस पाटील आणि पाड्यातल्या एखाद्या जाणत्या बाईपर्यंत निरोप पोहोचवा. बाईपर्यंत निरोप जाणं महत्त्वाचं, कारण रानभाजी, बियाणं, पाणी आणि सरपण ही कामं बायांच्या हातात असतात. पुरुषांशीच बोलून ठरवलंत, तर चार दिवस ओट्यावर बसून गडाच्या गोष्टी ऐकाल आणि ज्यासाठी गेलात ते हाती लागणार नाही.

गटात सहाजणांपेक्षा जास्त नकोत. पाड्यात वीस-पंचवीस घरं असतात आणि मे महिन्यात पाणी हंड्यावर मोजलं जातं. बारा माणसं आली की त्यांच्या जेवणाचा आणि पाण्याचा भार दोन-तीन घरांच्या बायांवर पडतो.

पैशाचं आधीच, मोकळेपणाने ठरवा. जेवणाचे आणि मुक्कामाचे पैसे घरच्या बाईच्या हातात द्यायचे. जो माणूस रानात हिंडवणार आहे त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते, ती वेगळी द्यायची. ‘पाहुणे आहात, काय द्यायचं ते द्या’ असं म्हणतील. त्यावर विसंबू नका, संकोचाने कमी सांगितलं जातं. पाड्याच्या बैठकीत एक दर ठरवून घेतला तर घराघरांत हेवेदावे होत नाहीत. मुलांना चॉकलेटं आणि जुने कपडे वाटू नका. पुढच्या वेळी मुलं पाहुण्याकडे हात पसरून धावतात, आणि आईबापांना त्याचा त्रास होतो.

कायद्याची एक गोष्ट पक्की समजून घ्या. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलात राहणाऱ्या समाजांना गौण वनोपज, म्हणजे लाकूड सोडून रानातून मिळणाऱ्या वस्तू, गोळा करण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क त्यांचा आहे, तुमचा नाही. मावशी ज्या झाडाखाली हिरडा वेचतात तिथे तुम्ही स्वतःसाठी पिशवी भरलीत तर तो गुन्हा ठरू शकतो. अभयारण्यात शिरायचं असेल तर वनखात्याच्या चौकीवर नोंद आणि शुल्क असतं. रात्री रानात हिंडायची परवानगी गृहीत धरू नका. ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळालेला असेल तर नियम ग्रामसभाच सांगेल, त्यामुळे पहिल्या दिवशी तिथेच विचारा.

सामान: सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, स्वतःचं ताट-वाटी-पेला, स्टीलचा पाण्याचा डबा, डोक्याला बांधायचा दिवा आणि त्यावर लावायला लाल जिलेटीन कागद, मच्छरदाणी, ओआरएसची पाकिटं, वही आणि पेन्सिल. पेन पावसात फिसकटतं, पेन्सिल टिकते. वेफर्स-बिस्किटांचे पुडे नकोत. तरीही जे प्लॅस्टिक सोबत जाईल ते सगळं परत आणायचं, कारण पाड्यावर घंटागाडी येत नाही. तिथे टाकलेलं प्लॅस्टिक चुलीत जळतं किंवा गाईच्या पोटात जातं.

मच्छरदाणी मुख्यतः मण्यारसाठी आहे. मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावतो. दंशाच्या जागी दुखत-सुजत नाही, त्यामुळे माणूस उठतच नाही. मच्छरदाणीच्या कडा गादीखाली चारी बाजूंनी नीट खोचा. सड्यावर, दगडांच्या उतरंडीत फुरसे असतं, म्हणून न बघता दगडाखाली हात घालू नका. साप चावला तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, चोखायचं नाही. तो अवयव हलू न देता १०८ ला फोन करा आणि जिथे प्रतिविष आहे असं रुग्णालय गाठा. कोणत्या रुग्णालयात प्रतिविष आहे आणि फोनला रेंज पाड्याच्या कोणत्या टेकाडावर मिळते, हे निघण्याआधीच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

वही कशी ठेवावी

प्रत्येक गोष्टीसाठी सहा रकाने आखा: स्थानिक नाव, कधी, कोणता भाग, किती ठेवायचं, चुकलं तर काय होतं, आणि कोणी सांगितलं व ते बाहेर सांगायला त्यांची परवानगी आहे का. नाव त्या पाड्यात जसं उच्चारतात तसंच लिहा. एकाच भाजीला कोळू, कुलू आणि फोडशी अशी तीन नावं तीन खोऱ्यांत असतात. घरी येऊन पुस्तकातलं नाव लावलंत की पुढच्या वेळी मावशीला तुम्ही काय म्हणताय तेच कळत नाही. शब्दही तिथलेच वापरा. भाताचं चिखलातलं शेत ते खाचर, उताराची हलकी जमीन ती वरकस, कातळाचं पठार तो सडा.

प्रश्न विचारायची एक रीत आहे. ‘याचा औषधी उपयोग काय?’ असं विचारलं की ऐकीव उत्तर मिळतं, कारण पाहुण्याला हेच हवं असतं हे लोकांना ठाऊक झालं आहे. त्याऐवजी विचारा, ‘मावशी, हे कधी तोडत नाही?’ किंवा ‘तुमच्या आईच्या वेळी हे किती दूर जाऊन आणायचे?’ पहिल्या प्रश्नाने ठेवायचा नियम कळतो, दुसऱ्याने रान किती मागे हटलं ते.

पहिली फेरी: मेची सुरुवात, पाणी आणि हिरडा

रान सगळ्यात रोडावलेलं असताना जायचं. घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात काही वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो. त्याच पट्ट्यातल्या पाड्यांवर मे महिन्यात बाया हंडा घेऊन दूरवर जातात. कारण खडकात आहे. काळा बसाल्ट पाणी मुरवत नाही, उतार तीव्र, माती पातळ. चार महिन्यांचं पाणी ओहळांतून धरणांत उतरतं आणि डोंगर कोरडा राहतो.

पहिल्या सकाळी एकच काम करा: घरच्या बाईबरोबर पाण्याला जा. किती वाजता निघालात, झऱ्याशी किती वेळ थांबलात, हंडा भरायला किती मिनिटं लागली, दिवसाला किती खेपा झाल्या, हे लिहा. साधारण हंडा बारा ते पंधरा लिटरचा असतो. तो डोक्यावर घेऊन चढ चढून बघा. मग घराचा दिवसाचा हिशेब मांडा: पिण्याचं, रांधण्याचं, भांड्यांचं, गुरांचं. पाहुण्याने आंघोळीला दोन बादल्या वापरल्या तर कोणाच्या दोन खेपा वाढल्या ते वहीत स्पष्ट दिसतं. मेच्या फेरीत आंघोळ घरून करून जायची आणि घरी येऊनच करायची, मध्ये ओल्या फडक्याने अंग पुसलं की भागतं.

झऱ्याचा एक नियम बघून ठेवा. भांडी घासायची जागा खाली आणि प्यायचं पाणी वर, त्याच्या मध्ये गुरांची. पाहुणे साबण घेऊन थेट वरच्या कुंडात उतरतात, तेव्हा कोणी बोलत नाही, पण त्या दिवशी गावाला पाणी गढूळ मिळतं.

आता हिरडा. जुन्नर, आंबेगाव, अकोले भागात बाळहिरडा हे रोख पैसे देणारं मोठं वनोपज आहे. फळात आठळी धरण्याआधीचं कोवळं फळ तो बाळहिरडा, अर्धवट वाढलेला तो चांभारी हिरडा, पूर्ण पिकलेला तो सुरवारी. बाळहिरडा एप्रिल-मेमध्ये उतरवतात. झाडावर चढून फांद्या हलवायच्या, काठीने हलकं झोडायचं, खाली पडलेला वेचायचा. झाडांवर कुटुंबांचे हक्क ठरलेले असतात, तेव्हा ‘हे कोणाचं झाड?’ हे विचारल्याशिवाय एकही फळ उचलू नका.

वाळवण्यात घोटाळे होतात. ताजा हिरडा कातळावर एकेरी थरात पसरायचा, दिवसातून दोन-तीनदा हाताने फिरवायचा, संध्याकाळी दव पडण्याआधी गोळा करून झाकायचा. तो हिरव्याचा काळा होतो, सुरकुततो, आणि मुठीत घेऊन हलवला तर खडखड वाजतो, तेव्हा झाला. ओला असतानाच पोत्यात भरला तर आतून तापतो, बुरशी धरतो आणि व्यापारी त्याचा भाव पाडतो. मेमधल्या वळवाच्या एका सरीने आठवड्याची मेहनत जाते. ढग आले की पाड्यातली सगळी माणसं हातातलं टाकून कातळाकडे का धावतात, ते तेव्हा समजतं. तुम्हीही धावा. त्या वेळी कॅमेरा काढणारा पाहुणा पाड्याच्या लक्षात राहतो, चांगल्या अर्थाने नाही.

ठेवायचा नियम: प्रत्येक झाडाचा सगळा हिरडा बाळ असतानाच उतरवला तर पिकून बी पडायला काही उरत नाही. म्हणून शेंड्याकडच्या फांद्या सोडायच्या. भाव चांगला मिळाला की शेंडे साफ होतात, आणि उंच फांदी हाताशी यावी म्हणून कोयता चालतो. फांदी तुटलेलं झाड पुढची काही वर्षं कमी फळतं. रानात गेलात की दहा हिरडे मोजून बघा: किती झाडांच्या फांद्या कापलेल्या आहेत, आणि झाडांखाली गुडघ्याएवढी रोपं किती. रोपं नसतील तर त्या रानातला हिरडा म्हातारा होत चालला आहे.

याच दिवसांत राब भाजतात. भाताच्या रोपवाटिकेच्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, वाळल्या फांद्या आणि वर माती असे थर घालून पेटवतात. तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते, राखेतून पालाश मिळतं, आणि रोपं जोमदार उठतात. त्यासाठी ऐन-सादड्याची झाडं दरवर्षी छाटली जातात हा त्याचा दुसरा भाग. राब चूक आहे असं सांगायला जाऊ नका. गादीवाफ्यावर रोपं करून बघितलेली घरं पाड्यात असतात. त्यांना विचारा की तण किती झालं आणि खुरपणीला किती दिवस गेले. राबाला पर्याय देणाऱ्याने खुरपणीचा हिशेबही द्यावा लागतो.

दुसरी फेरी: मृगाचा पाऊस आणि रानभाज्या

चार फेऱ्यांमधली ही सगळ्यात दाट, आणि धोकाही हिच्यातच सर्वांत जास्त. म्हणून आधी नियम: पाड्यातल्या जाणत्या बाईने हातात घेऊन ‘हीच’ म्हटल्याशिवाय काहीही तोंडात टाकायचं नाही, मोबाइलमधलं ॲप काहीही सांगो. पहिल्या पावसात कळलावीचे कोंबही इतर कंदांच्या कोंबांशेजारीच वर येतात. तिचा कंद जीवघेणा विषारी आहे. पान मोठं झालं की टोकाला वळलेला तणाव असतो, त्यावरून ती ओळखता येते, पण कोंब असताना नवख्याला फरक कळत नाही. अळंबीच्या बाबतीत तर चांदीचं नाणं काळं पडतं का, लसूण रंग बदलतो का, असल्या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत. वारुळावर उगवणारी अळंबी खाणारी माणसं जागा, मोसम आणि देठ पाहून ओळखतात. ते एका फेरीत शिकता येत नाही. बघा, लिहा, तोडू नका.

शिकायला सर्वांत चांगली भाजी फोडशी, म्हणजेच कोळू. गवतासारखी लांब पानं, खडकाळ उतारावर झुबक्याने येते. मावशी बसून झुबका डाव्या हातात धरते आणि उजव्या हाताने पानं जमिनीपासून बोटभर वर मोडते, ओढत नाही. ओढलं तर खालचे पांढरे कंद मातीसकट बाहेर येतात आणि तो झुबका कायमचा गेला. सफेद मुसळी म्हणून बाजारात विकले जातात ते याच जातीचे कंद. ज्या उतारावर मुसळीचा व्यापारी फिरतो तिथे दोन-तीन पावसाळ्यांत फोडशीची भाजी संपते. प्रत्येक झुबक्यातली आतली तीन-चार पानं ठेवायची, म्हणजे पंधरवड्याने तोच झुबका पुन्हा भाजी देतो. घरी आणल्यावर खालचा पांढरा जून भाग काढून टाकायचा, पानं बारीक चिरायची, भरपूर कांद्यावर परतायची आणि भिजवलेली मूगडाळ घालायची.

करटोली पुढे श्रावणात लागते, तरी तिचे वेल आत्ताच ओळखून ठेवा. नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. नराला फळ धरत नाही म्हणून नवखा माणूस तो उपटून टाकतो आणि शेजारच्या मादी वेलीला परागच मिळत नाहीत. वेल दरवर्षी जमिनीतल्या कंदातून फुटतो, त्यामुळे खणायचं नाही. वेलावरची दोन-तीन फळं पिकून केशरी होऊ द्यायची, पक्षी बी नेतात.

घाटाखालच्या पाड्यांवर याच दिवसांत शेवळं निघतात. ती नीट न रांधल्यास घशात सुया टोचल्यासारखी खाज येते, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. बाहेरचं तपकिरी आवरण सोलायचं, आतल्या दांड्यावरचा पिवळा भाग काढून टाकायचा, बारीक चिरून तेलावर चांगलं परतायचं, आणि काकडाच्या आंबट फळांचा रस किंवा चिंचेचा कोळ घालून शिजवायचं. आंबट कमी पडलं किंवा घाईने शिजवलं की खवखवणारच. चिरताना हाताला तेल लावा.

भारंगी कडू असते, ती उकळून पाणी टाकून देतात. टाकळ्याची कोवळी पानं पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच चांगली, नंतर उग्र वास येतो. कडू करांद्यासारखे कंद राखेच्या पाण्यात उकळून, काप वाहत्या पाण्यात ठेवून खाण्याजोगे करतात. हे घरी करून बघायची गोष्ट नाही. पाणी किती वेळा बदललं आणि काप किती जाड होते यावर विष उतरतं की नाही ते ठरतं.

काजव्यांबद्दल. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत भंडारदरा परिसरात हिरडा, बेहडा, सादड्याच्या झाडांवर काजवे लुकलुकतात आणि गाड्यांच्या रांगा लागतात. काजव्याचा उजेड जोडीदार शोधण्यासाठी असतो. हेडलाइट आणि बॅटरीने तो संदेश विरतो. अळ्या जमिनीवरच्या पाचोळ्यात, ओल्या मातीत राहतात आणि गोगलगाई खातात. गर्दी झाडाखाली गेली की पुढच्या वर्षीचे काजवे पायाखाली चिरडले जातात. म्हणून शनिवार-रविवार टाळा, पायवाट सोडू नका, झाडापासून लांब उभे राहा, दिव्यावर लाल कागद लावा आणि फ्लॅश बंद ठेवा. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं द्यावी लागतात. मोबाइलकडे एकदा पाहिलं की ती वीस मिनिटं पुन्हा पहिल्यापासून मोजायची.

तिसरी फेरी: आवणी, म्हणजे भाताची लावणी

जुलैत पाड्यावर कोणाला बोलायला वेळ नसतो, त्यामुळे या फेरीत प्रश्न कमी आणि काम जास्त. पायाला जखम, चिखल्या किंवा फोड असतील तर खाचरात उतरू नका. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस या तापाचे जंतू जखमेवाटे शरीरात जातात. घरी आल्यावर दोन आठवड्यांत ताप आणि पोटऱ्या दुखणं सुरू झालं तर डॉक्टरांना चिखलात काम केल्याचं आवर्जून सांगा.

रोपं एकवीस ते पंचवीस दिवसांची असताना उपटतात. मुळांची माती पाण्यात झटकून मुठी बांधतात. चिखलणी झालेल्या खाचरात एका जागी दोन ते तीन रोपं, दोन-तीन सेंटिमीटर खोल, अंगठा आणि दोन बोटांनी सरळ लावायची. नवखा माणूस नेमक्या दोन चुका करतो. रोप पडेल या भीतीने खोल खुपसतो, मग खालच्या पेरातून फुटवे येत नाहीत. आणि मूठभर रोपं एकाच जागी लावतो, मग ती एकमेकांत झगडतात. मागे वळून तुमची ओळ बघा. मावशी न बोलता ती पुन्हा लावत असतील, तर उठून रोपांच्या मुठी पोहोचवायचं काम घ्या, त्यातच खरी मदत होते.

वरकस जमिनीवर रीत वेगळी. नाचणी पहिल्या वर्षी, वरई दुसऱ्या, खुरासणी तिसऱ्या वर्षी आणि मग जमीन पडीक ठेवायची, ही जुनी फेरपालट. पडीक वर्षांत माती पुन्हा भरते. जमिनीचे तुकडे लहान होत गेले तशी पडीक वर्षं कमी झाली, आणि उतारावरची माती ओहळात जाऊ लागली. पावसात एखाद्या वरकसाच्या खालच्या बाजूला काचेची बाटली भरून घ्या आणि एक बाटली देवराईतून येणाऱ्या ओहळाची. रात्रभर स्थिर ठेवा. सकाळी दोन्ही बाटल्यांच्या तळाशी बसलेला गाळ शेजारी शेजारी पट्टीने मोजा. पाड्यातल्या शाळेतल्या मुलांना बरोबर घेतलंत तर तेच पुढे दर पावसाळ्यात हे करतात.

देवराई

हे कुठल्याही फेरीत करता येईल, पण परवानगी दर वेळी नव्याने घ्यायची. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला. आंबेगावातली आहुप्याची देवराई त्या भागातल्या मोठ्या राखलेल्या रानांपैकी. नियम गावागणिक वेगळे. कुठे कोयता चालत नाही, कुठे पडलेलं लाकूडही उचलत नाहीत, कुठे चपला बाहेर काढायच्या. बायकांना आत जाऊ देतात की नाही हेही आधी विचारा, म्हणजे वाटेत अवघडायला नको.

आत जायची मुभा मिळाली तर हे करा. देवराईत एक आणि चराऊ माळावर एक, असे दहा बाय दहा मीटरचे तुकडे सुतळीने आखा. खिळे ठोकू नका, रंग लावू नका. छातीच्या उंचीवर, म्हणजे १.३ मीटरवर, झाडांचा घेर मोजा. पाचोळ्याचा थर किती बोटं आहे ते पाहा. मग दोन्ही तोंडं उघडी असलेलं, साधारण पंधरा सेंटिमीटर व्यासाचं पत्र्याचं नळकांडं तीन-चार सेंटिमीटर मातीत दाबा, एक लिटर पाणी ओता आणि ते पूर्ण मुरायला किती वेळ लागतो तो मोजा. देवराईत हेही नको असं सांगितलं तर तिच्या कडेला, बाहेर करा. मे महिन्यात देवराईखालचा झरा का आटत नाही ते या दोन आकड्यांतून दिसतं.

चौथी फेरी: कापणी, बियाणं, वाघबारस

दिवाळीआधी, आश्विन वद्य द्वादशीला, शहरात वसुबारस असते त्याच दिवशी या डोंगरांत वाघबारस करतात. गुराखी वाघोबाच्या ठाण्यापाशी जमतात, शिजवतात आणि गुरांना सांभाळ म्हणून मागणं मागतात. बोलावलं तरच जा, आणि विधी चालू असताना मागे उभे राहा.

या फेरीत शिकायचं ते बियाणं. अकोल्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणं जपल्याबद्दल २०२० सालची पद्मश्री मिळाली, तेव्हापासून इथल्या बियाण्यांची नावं बाहेर ऐकू येऊ लागली. काळभात, रायभोग, जिरवेल हे भात, आणि वाल-घेवड्यांचे कितीतरी प्रकार.

बियाणं मळणीनंतर निवडत नाहीत, उभ्या पिकात निवडतात. खाचराच्या कडेची दोन हात जागा सोडायची, कारण तिथे शेजारच्या वाणाचे पराग आणि बांधावरची सावली लागलेली असते. मधल्या भागातल्या, एका वेळी पिकलेल्या, रोग नसलेल्या लोंब्या आधी कापून वेगळ्या बांधायच्या. सकाळच्या कोवळ्या उन्हात तीन-चार दिवस वाळवायच्या. कडक उन्हात, तापल्या पत्र्यावर वाळवलं तर कोंब मरतो आणि दाणा वरून मात्र छान दिसतो. दाताखाली धरून चावल्यावर दाणा कट्कन तुटला पाहिजे. चेपला तर अजून ओल आहे.

साठवण मडक्यात किंवा शेणामातीने सारवलेल्या कणगीत करतात. चाळलेली, पूर्ण गार झालेली राख बियाण्यात मिसळायची, वर कडुलिंबाचा पाला, आणि तोंड मातीने लिंपायचं. राखेने किड्याच्या अंगावरचं आवरण खरवडलं जातं आणि ओलही शोषली जाते. पाला ओला घातला तर त्यानेच बुरशी येते, तो सावलीत वाळवूनच घाला. पेरणीआधी उगवण तपासायची: शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, आठवड्याने मोजा. ऐंशीच्या वर कोंब आले तर नेहमीचं प्रमाण पेरा, साठ-सत्तर आले तर पेरणीचं बियाणं वाढवा, त्याहून कमी असेल तर ते खायला घ्या आणि शेजाऱ्याकडून बियाणं मागा.

बियाणं तुम्हाला मिळालं तर ते उसनं आहे असं समजा. रीत अशी की घेतलं त्याच्या दुपटीने पुढच्या हंगामात परत करायचं. शहरात कुंडीत घेवडा लावता येईल, वालही. भात लावायला जमीन नसेल तर बियाणं मागूच नका, तांदूळ विकत घ्या, आणि भाव पाडून मागू नका.

निघताना

शेवटच्या संध्याकाळी पाड्याच्या बैठकीत वही मोठ्याने वाचा. चार फेऱ्यांत लिहिलेलं सगळं, नावासकट, रकान्यासकट. चुका तिथेच निघतात: मोसम एका पंधरवड्याने चुकलेला असतो, ठेवायचं प्रमाण कमी लिहिलेलं असतं, एका बाईने सांगितलेलं दुसरीच्या नावावर गेलेलं असतं. औषधी कंदांच्या जागा, मोहोळाचे कडे आणि एखाद्या घराण्याचं औषध ‘हे बाहेर नको’ असं सांगतील, त्यावर लगेच, त्यांच्यासमोर काट मारा. फोटोही दाखवा, नको म्हणतील ते त्यांच्यादेखत पुसा. मग दुरुस्त वहीची एक प्रत शाळेत आणि एक ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे द्या. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावाची लोक जैवविविधता नोंदवही तीच समिती ठेवते. प्रत छापील आणि मोठ्या अक्षरात असावी, कारण ती चष्मा नसलेल्या आजीला नातीकडून वाचून घ्यायची असते.